डॉक्टर झोपतात कधी?

सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मेडिसिनच्या प्रत्येक युनिटला आठवड्यातला एक वार वाटून दिलेला असतो. त्या दिवसाला ‘इमर्जन्सी’ म्हणतात. समजा, सोमवार. सोमवारी सकाळी आठपासून मंगळवारी सकाळी आठपर्यंत कॅज्युअल्टीतून वर वॉर्डात येणारा प्रत्येक रुग्ण त्या युनिटचा. साप चावलेला, साखर वाढून बेशुद्ध झालेला, डेंगीत प्लेटलेट घसरलेला, दारूने यकृत गेलेला, रस्त्याकडेला सापडलेला आणि स्वतःचं नावही सांगू न शकणारा. खाटा संपल्या की जमिनीवर गाद्या पडतात. या सगळ्यांना पहिला हात लावतो तो एमडीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, हॉस्पिटलच्या बोलीत ‘जेआर वन’. मंगळवारी सकाळी आठला पुढच्या युनिटची पाळी सुरू होते, पण या जेआर वनची सुटका होत नाही. रात्री भरती झालेल्यांचे रिपोर्ट गोळा करून सरांच्या राउंडला उभं राहायचं, राउंडमध्ये निघालेली कामं उरकायची, त्यांच्या नोट्स लिहायच्या. संध्याकाळचे आठ वाजतात. झाले छत्तीस तास.

आता आठवड्याचा हिशेब मांडा. इमर्जन्सी आणि तिचा दुसरा दिवस मिळून ३६ तास. उरलेले पाच दिवस सकाळी सातला रक्ताचे नमुने घेण्यापासून रात्री आठपर्यंत धरले तर ६५. बेरीज १०१. यात थिसिस नाही, सेमिनारची तयारी नाही, आजारी पडलेल्या सहकाऱ्याच्या बदल्यात केलेली रात्र नाही. रविवार मी कामाचाच धरला आहे, कारण पहिल्या वर्षात तो बहुतेकांना तसाच मिळतो.

कागदोपत्री हे सारं फार पूर्वीच मिटलेलं आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ५ जून १९९२ रोजी निवासी डॉक्टरांसाठी निर्देश काढले: काम सलग बारा तासांहून अधिक नको, आठवड्याला साधारण ४८ तास, पाळीपाळीने एक साप्ताहिक सुट्टी. त्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची २०२३ची पदव्युत्तर नियमावली आली. तिच्यात साप्ताहिक सुट्टी आहे, वर्षाला वीस नैमित्तिक रजा आहेत. तासांच्या बाबतीत मात्र ‘वाजवी तास’ आणि ‘विश्रांतीसाठी वाजवी वेळ’ एवढंच म्हटलेलं आहे. वाजवी म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या विभागप्रमुखाने ठरवायचं. २०२४मध्ये आयोगाच्याच कृतिगटाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. सुचवली, इतकंच. तीस वर्षांत आपण ४८वरून ‘वाजवी’वर आणि तिथून ७४वर आलो आहोत.

विषय आहे डॉक्टरांचं मानसिक आरोग्य, आणि सुरुवात मी ड्युटीच्या तक्त्यापासून केली, ती मुद्दाम. एखाद्या कॉलेजात काही वाईट घडलं की दुसऱ्या आठवड्यात ‘तणावमुक्ती’वर व्याख्यान ठेवलं जातं. श्वास कसा घ्यावा, सकारात्मक विचार कसा करावा, सकाळी लवकर उठून ध्यान कसं करावं. सभागृहाच्या मागच्या रांगेत रात्रपाळी करून आलेले रेसिडेन्ट ते ऐकता ऐकता झोपी जातात. माझ्या मते त्या तासाचा त्यांना झालेला खरा उपयोग तेवढाच. ज्यांना झोपू दिलं जात नाही त्यांना शांत कसं राहावं हे शिकवण्यात काहीतरी उफराटं आहे, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांतलं संशोधनही तेच सांगतं.

१९९७मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. चाळीस जणांना एकदा जागं ठेवलं, एकदा मद्य दिलं, आणि दोन्ही वेळा हात आणि डोळे यांचा मेळ किती राहतो ते मोजलं. सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरली होती. चोवीस तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या पातळीला आली. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याने चालकाच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा, म्हणजे ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त मद्य असेल तर तो गुन्हा आहे. मंगळवारी सकाळी आठला पाठीच्या मणक्यातून पाणी काढण्यासाठी सुई हातात घेतलेला तो जेआर वन, या मापाने, गाडी चालवायला बंदी असलेल्या अवस्थेच्या तिप्पट पुढे गेलेला असतो. गाडी तर तो नंतर चालवतोच. अमेरिकेत २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लांबलचक पाळी संपवून घरी जाणाऱ्या इंटर्नना अपघात होण्याची शक्यता साध्या पाळीच्या तुलनेत दुपटीहून जास्त दिसली.

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढवतं. चहा-कॉफीतलं कॅफीन त्याची जागा अडवून बसतं, साठा कमी करत नाही. म्हणून पहाटे चारचा चहा उतरला की माणूस आणखी कोसळतो. त्यातून पहाटे तीन ते पाच ही शरीराच्या घड्याळातली सर्वांत खालची वेळ. तापमान उतरलेलं, प्रतिसाद मंदावलेला. डोळे उघडे असताना मेंदू काही सेकंद बंद पडतो आणि ते आपल्याला कळतही नाही. औषधाचा डोस लिहिताना दशांश चिन्ह सरकायला एवढा वेळ पुरतो.

हे झालं चुकांचं. भावनांचं काय होतं, हे २००७च्या एका प्रयोगात दिसलं. सुमारे पस्तीस तास जागं ठेवलेल्या निरोगी तरुणांना एमआरआय यंत्रात अप्रिय चित्रं दाखवली. भीती आणि राग यांच्याशी निगडित असलेला मेंदूतला अॅमिग्डला हा भाग झोपलेल्यांच्या तुलनेत साठ टक्के जास्त भडकला, आणि त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी असलेला त्याचा दुवा सैल पडला. पस्तीस तास हा आकडा ओळखीचा वाटला असेल. आता त्याच माणसासमोर, ज्याचा बाप तासभर स्ट्रेचरवर पडून आहे असा एक नातेवाईक उभा करा. दोघंही रास्त, दोघंही कावलेले. डॉक्टरांना झालेल्या मारहाणीविरुद्ध ‘मार्ड’चे म्हणजे महाराष्ट्रातल्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेचे संप आपण वर्तमानपत्रांत वाचतो, अशा हिंसेविरुद्ध राज्यात २०१०चा कायदाही आहे. मारहाणीचं समर्थन होऊ शकत नाही. पण तिच्या आधीचा तो तुटक, चिडका संवाद अनेकदा न झोपलेल्या मेंदूतून आलेला असतो, हेही तितकंच खरं.

छत्तीस तासांत जेआर वन नेमकं करतो काय, हे एकदा जवळून बघायला हवं. समजा रात्रीचे अडीच वाजले आहेत. त्याच्या हातात कार्डबोर्डचा ट्रे आहे, ट्रेमध्ये रक्ताचे बल्ब. जांभळ्या टोपणाचा हिमोग्रॅमसाठी, करड्या टोपणाचा साखरेसाठी, लाल टोपणाचा किडनी-लिव्हरसाठी. प्रत्येकावर नाव, नोंदणी क्रमांक, वॉर्ड लिहायचा. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा. ‘मामां’ना, म्हणजे वॉर्डबॉयना, खाली लॅबमध्ये पाठवावं तर दोन वॉर्डांना मिळून एकच मामा, आणि ते सीटी स्कॅनला रुग्ण घेऊन गेलेले. मग हा स्वतःच तीन जिने उतरतो. लॅबमधला माणूस सांगतो, करड्या बल्बात रक्त कमी आहे, पुन्हा आणा. पुन्हा वर. वाटेत फोन: रक्तपेढीत डोनरचा कागद अपुरा आहे, नातेवाइकांना पाठवा. नातेवाईक खाली झाडाखाली झोपलेले. वर येईतो सिस्टर सांगतात, नऊ नंबरला धाप लागलीय. या पाऊण तासात डॉक्टरकीचं काम एकच होतं, नऊ नंबरची धाप, आणि तिथे तो शेवटी पोचला.

शिकण्यासाठी राबावं लागतं हे खरं असलं, तरी या राबण्यातलं शिक्षण किती आणि हमाली किती, याचा हिशेब कोणी मागत नाही. चतुर्थ श्रेणीची पदं रिकामी राहतात, लॅब टेक्निशियन अपुरे पडतात, आणि ती सारी फट भरून काढायला सर्वांत स्वस्त हात कुणाचे, तर ज्याला पदवी हवी आहे आणि म्हणून जो नाही म्हणू शकत नाही, त्याचे.

अशा कामाने माणसाचं जे होतं त्याला ‘बर्नआउट’ म्हणतात. क्रिस्टिना मासलाक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१मध्ये त्याचं मोजमाप करणारी प्रश्नावली तयार केली आणि त्याचे तीन घटक सांगितले. पहिला, मनाचा थकवा. झोपूनही न जाणारा. तिसरा, आपण करतो त्याला काही अर्थ नाही ही भावना. मधला घटक रुग्णांच्या दृष्टीने सर्वांत घातक आहे: समोरच्याला माणूस म्हणून बघणं बंद होणं. वॉर्डात वावरलेल्या कुणालाही तो ओळखता येईल. ‘अकराचा पॅन्क्रिया गेला का सोनोग्राफीला?’ अकरा नंबरच्या खाटेवर पॅन्क्रिया झोपलेला नसतो, परभणीहून आलेला आणि ऊसतोडीची उचल बुडाल्याच्या काळजीत असलेला माणूस झोपलेला असतो. हे जेआर वनला पहिल्या महिन्यात ठाऊक असतं. सहाव्या महिन्यात ते आठवण्याइतकी शक्ती त्याच्यात उरत नाही. त्याला आपण निबर झाला म्हणतो. खरं तर दिवसाला चाळीस दुःखं पेलताना मनाने केलेला हा बचाव असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये बर्नआउटची व्याख्या करताना तो आजार नाही, कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे असं स्पष्ट म्हटलं. हा भेद महत्त्वाचा आहे. आजार माणसाचा असतो, ही अवस्था कामाच्या जागेची असते.

नैराश्य मात्र आजार आहे, आणि ते वैद्यकीय क्षेत्रात किती आहे याचे आकडे थोडे थांबून वाचावेत असे आहेत. २०१६मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात ४७ देशांतल्या अभ्यासांचं संकलन आलं. वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी २७.२ टक्क्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं होती. त्यांतल्या उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण जेमतेम १५.७ टक्के. आयोगाच्या २०२४च्या कृतिगटाने भारतात ऑनलाइन पाहणी केली. पंचवीस हजारांहून अधिक एमबीबीएसच्या आणि पाच हजारांहून अधिक पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ती भरली. एमबीबीएसच्या २७.८ टक्के आणि पदव्युत्तरच्या १५.३ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याची समस्या असल्याचं सांगितलं. आत्महत्येचे विचार मनात येऊन गेल्याचं सांगणाऱ्यांत क्रम उलटा होता: एमबीबीएसचे १६.२ टक्के, पदव्युत्तरचे ३१.२ टक्के. स्वेच्छेने भरलेल्या पाहणीत ज्यांना बोलायचं आहे तेच जास्त येतात, म्हणून हे आकडे सगळ्या देशाला जसेच्या तसे लावू नयेत. पण निम्मे केले तरी ते लहान होत नाहीत.

वरचा उलटा क्रम मला सर्वांत बोलका वाटतो. पदव्युत्तर विद्यार्थी वयाने मोठे, डॉक्टर झालेले, आजाराची लक्षणं पुस्तकातून पाठ केलेले. आपल्याला काही ‘समस्या’ आहे असं ते कमी सांगतात, आणि मरणाचे विचार मात्र जास्त.

डॉक्टरी पेशात मुळात हळवी माणसंच येतात, असा एक बचाव ऐकू येतो. त्याला उत्तर देणारा अभ्यास श्रीजन सेन या मनोविकारतज्ज्ञाने अमेरिकेत केला. इंटर्नशिप सुरू होण्यापूर्वीच त्यांनी तरुण डॉक्टरांना प्रश्नावली दिली आणि मग वर्षभर दर तीन महिन्यांनी. सुरुवातीला नैराश्याच्या निकषात बसणारे होते ३.९ टक्के. वर्षभरात सरासरी २५.७. माणसं तीच, बदललं ते काम. त्याच गटाच्या २०२२च्या अभ्यासात सतरा हजारांवर डॉक्टर होते. आठवड्याला ४० ते ४५ तास काम करणाऱ्यांचा नैराश्याचा गुणांक पहिल्या वर्षात १.८ने वाढला, ९०हून अधिक तास करणाऱ्यांचा ५.२ने. औषधाचा डोस वाढवावा तसा परिणाम वाढत गेला.

तास हे एकच कारण नाही, हेही सांगायला हवं. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांतून वर्षानुवर्षं पहिला येणारा मुलगा एमबीबीएसला आला की दीडशे-दोनशे पहिल्यांमधला एक होतो; कुणीतरी शेवटून दुसरा ठरणारच. बारावीपर्यंत शिक्षकांनी मराठीतून समजावलेलं विज्ञान इथे जाडजूड इंग्रजी ग्रंथांतून एकट्याने वाचायचं असतं. पहिल्या वर्षाची परीक्षा चार प्रयत्नांत सुटली नाही तर वाट बंद. घरी सांगायची सोय नसते, कारण गावात फ्लेक्स लागलेला असतो.

आणि मग उतरंड. लेक्चरर रजिस्ट्रारवर, रजिस्ट्रार जेआर टूवर, जेआर टू जेआर वनवर. या उतरंडीत जात मिसळली की काय होतं, ते महाराष्ट्राने २०१९मध्ये पाहिलं. मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी जळगाव जिल्ह्यातल्या आदिवासी कुटुंबातल्या होत्या. त्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी जीव दिला. जातीवरून छळ केल्याचा आरोप ठेवून तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांना अटक झाली. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९पासून आहे. पण वॉर्डातलं रॅगिंग हॉस्टेलमधल्या रॅगिंगसारखं दिसत नाही. ते कामाच्या रूपात येतं: जास्तीच्या ड्युट्या, शस्त्रक्रियेत हात न लावू देणं, सगळ्यांसमोर पाणउतारा, थिसिसवर सही अडवणं. तक्रार करायची तर ती ज्याच्याकडे करायची तोच परीक्षक असतो.

साधी झोपण्याची जागाही गृहीत धरता येत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ज्या तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, ती लांब ड्युटीत जरा पाठ टेकायला सेमिनार हॉलमध्ये गेली होती. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमलं आणि विश्रांतीच्या खोल्या, ड्युटीचे तास हे विषय त्याच्यापुढे ठेवले. ड्युटी रूमला आतून कडी असावी, ही मागणी करायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

इतकं सगळं असताना डॉक्टर उपचार का घेत नाहीत? मनोविकार विभाग तर त्याच इमारतीत असतो. तीच अडचण आहे. ओपीडीच्या रांगेत आपणच शिकवलेला इंटर्न केसपेपर काढत असतो. आत बसलेले सर उद्या परीक्षेला असू शकतात. ‘तो जरा तसा आहे’ एवढा शेरा पुढची दहा वर्षं पुरतो. म्हणून डॉक्टर स्वतःच स्वतःला गोळ्या लिहून देतो. झोपेची एक, मग दोन. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रत्येक रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो आणि डॉक्टरही रुग्ण होऊ शकतो, पण हा हक्क कॉरिडॉरमधल्या कुजबुजीला लागू होत नाही. अमेरिकेत ही भीती अधिकच पक्की होती. तिथल्या अनेक राज्यांत परवान्याच्या अर्जातच पूर्वीच्या मानसिक उपचारांविषयी प्रश्न असे. न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाच्या प्रमुख डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी कोविडच्या पहिल्या लाटेत, एप्रिल २०२०मध्ये आत्महत्या केली. उपचार घेतले तर परवाना जाईल ही धास्ती त्यांना होती, असं कुटुंबीयांनी सांगितलं. त्यांच्या नावाने २०२२मध्ये कायदा झाला आणि त्यानंतर कित्येक राज्यांनी अर्जातले ते प्रश्न बदलले.

इंग्लंडने वेगळा रस्ता धरला. लंडनमध्ये २००८पासून डॉक्टरांसाठी स्वतंत्र, गुप्त सेवा सुरू झाली. ती पुढे देशभर पसरली. स्वतःच्या रुग्णालयाशी संबंध नसलेला तज्ज्ञ, वेगळी नोंद. नॉर्वेत थकलेल्या डॉक्टरांसाठी ‘व्हिला साना’ नावाचं समुपदेशन केंद्र आहे. तिथे येऊन गेलेल्यांचा वर्षभराने अभ्यास झाला तेव्हा थकवा लक्षणीय उतरला होता, आणि ज्यांनी परत गेल्यावर कामाचे तास घटवले त्यांचा अधिक. २०२४मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या वीस देशांच्या संकलनात पुरुष डॉक्टरांमधलं आत्महत्येचं प्रमाण सर्वसामान्यांच्या जवळपास बरोबरीचं, तर स्त्री डॉक्टरांमधलं पावणेदोन पट दिसलं. दोन्ही प्रमाणं पूर्वीच्या तुलनेत घटलेली आहेत. म्हणजे हा पेशाला लागलेला शाप नव्हे. प्रयत्न केला तर आकडा खाली येतो.

छत्तीस तासांची ही रीत आली कुठून? बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९मध्ये उघडलं. तिथले शस्त्रक्रियाप्रमुख विल्यम हॉल्स्टेड यांनी तरुण डॉक्टरांनी रुग्णालयातच राहावं, दिवसरात्र उपलब्ध असावं अशी घडी बसवली. हॉल्स्टेड अलौकिक सर्जन होते. भूल देण्यासाठी कोकेन वापरता येईल का याचे प्रयोग स्वतःवर करताना १८८४च्या सुमारास त्यांना त्याचं व्यसन लागलं, आणि मग मॉर्फिनचं. ते आयुष्यभर टिकलं. त्यांच्या व्यसनाने ही पद्धत जन्माला आली असं म्हणणं ओढूनताणून होईल. पण अखंड जागरणाला चारित्र्याची कसोटी मानणारी परंपरा ज्यांच्या नावे सांगितली जाते, त्यांची ही बाजू एखाद्या प्राध्यापकाने ‘आम्ही नाही का केलं?’ म्हणताना आठवायला हरकत नाही.

या परंपरेला पहिला धक्का मार्च १९८४मध्ये बसला. लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी ताप आणि अस्वस्थपणासाठी न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात रात्री दाखल झाली आणि सकाळपर्यंत दगावली. ती नैराश्यावर फेनेल्झिन घेत होती. त्याच्याशी घातक संयोग होणारं पेथिडीन तिला दिलं गेलं होतं. तिला बघणाऱ्या इंटर्नकडे त्या रात्री चाळीसेक रुग्ण होते. वडील पत्रकार आणि वकील. त्यांनी प्रकरण धसास लावलं. १९८९मध्ये न्यूयॉर्क राज्यात आठवड्याला ८० तास आणि सलग २४ तास ही मर्यादा आली, २००३मध्ये ८० तासांची मर्यादा देशभर लागू झाली. ज्यांच्या समितीने ती सुचवली ते डॉ. बर्ट्रांड बेल मात्र सांगत राहिले की तासांहून मोठा मुद्दा वरिष्ठांच्या देखरेखीचा आहे. रात्री अडीचला जेआर वनच्या बाजूला कुणी उभं असतं का, हा त्यांचा प्रश्न होता.

विरोधी पुरावाही नीट बघू. २००४मध्ये बोस्टनच्या अतिदक्षता विभागात लांब पाळ्या करणाऱ्या इंटर्नकडून, छोट्या पाळ्या करणाऱ्यांपेक्षा ३६ टक्के अधिक गंभीर चुका झाल्या. त्यानंतर २०१६ आणि २०१९मध्ये आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत पाळ्यांची लांबी सैल सोडूनही रुग्णांच्या मृत्यूत फरक दिसला नाही. जुन्या वळणाचे शिक्षक या चाचण्यांकडे बोट दाखवतात. पण दोन्हींत सगळे डॉक्टर आठवड्याला ८० तासांच्या आतच होते. १०१ तासांच्या बचावाला त्या उपयोगी नाहीत. त्यांतून घेण्याजोगा धडा दुसराच आहे: पाळी छोटी केली की रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जास्त वेळा जातो आणि त्या हस्तांतरणात माहिती गळते. त्यावरही उपाय आहे. नऊ रुग्णालयांत ठरावीक नमुन्याने ‘हँडओव्हर’ द्यायला शिकवलं, तेव्हा चुका २३ टक्क्यांनी घटल्या. हा अभ्यास २०१४चा. आपल्याकडे हँडओव्हर म्हणजे जिन्यात भेटलेल्याला ‘नऊ नंबर बघ जरा’ सांगणं.

तेव्हा मागण्या अगदी रोकड्या आहेत. इमर्जन्सीनंतरच्या दिवशी दुपारी बाराला युनिटने जेआर वनला घरी पाठवावं. रात्री रक्त घ्यायला आणि पोचवायला वेगळी माणसं असावीत. ती पदं मंजूर आहेत, भरावीत. प्रत्येक वॉर्डाच्या ड्युटीचा तक्ता, नावं आणि तासांसकट, अधिष्ठात्यांच्या कार्यालयाबाहेर लावावा. समुपदेशक कॉलेजच्या बाहेरचा असावा आणि त्याची नोंद कॉलेजला दिसू नये. यातल्या एकाही गोष्टीला नवं संशोधन लागत नाही. डॉक्टर कमी आहेत, रुग्ण अफाट आहेत, हे उत्तर मी ऐकलं आहे. डॉक्टर कमी असतील तर असलेले मोडून चालणार नाही, इतकंच त्यावर म्हणता येईल.

आईवडिलांना एक विनंती. मुलगी पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षात फोन करून ‘मला सोडायचंय’ म्हणाली, तर ‘एवढं वर्ष काढ’ हे पहिलं वाक्य नसावं. आधी ती शेवटची कधी झोपली ते विचारा, शक्य असेल तर गाडी पकडून तिच्याकडे जा. काही राज्यांत जागा सोडल्यास लाखोंचा दंड भरावा लागतो. आयोगाने तो रद्द करावा असं राज्यांना कळवलेलं आहे, आणि कसाही असला तरी तो पैशांचा प्रश्न आहे.

आणि हे वाचणारे कुणी स्वतः ड्युटी रूममध्ये बसलेले असाल, तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत, मराठीतूनही मिळते. तिथे फोन करताना कॉलेजचं नाव सांगावं लागत नाही.